फणसापर्यंतचा रस्ता

निसर्ग वादळाबद्दल बोलताना आमच्याकडे सगळे आधी बागांबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. ३ जून २०२० ला दुपारी ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या अंगाला किनाऱ्यावर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने. खाडीच्या अलीकडचे आम्ही दापोली-मंडणगडवाले त्यातून सुटलो असं काही झालं नाही. पोफळी कमरेत मोडल्या, नारळांचे शेंडे पिळवटले, आजेसासऱ्यांच्या हातचे हापूस मुळासकट उताणे पडले. घरांची कौलं गेली, गोठ्यांचे पत्रे कुणाच्या परड्यातून कुणाच्या परड्यात गेले. मग तलाठी आले, पंचनामे झाले, आकडे लागले. वाडीच्या वर झऱ्याकडे जाणारा दीडेक किलोमीटरचा लाल मातीचा रस्ता मात्र कुणाच्याच पंचनाम्यात आला नाही. तो कुणाचं घर नव्हता, कुणाची बाग नव्हता. पुढे कळलं की कागदावर तो रस्तासुद्धा नव्हता.

आमची वाडी सड्याच्या पोटाशी आहे. वर मैलभर सपाट जांभा, आणि त्याच्या कडेला उतारावर आम्ही. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यातला बराचसा पऱ्यांनी, म्हणजे ओढ्यांनी, धावत खाडीला मिळतो, म्हणून तर एवढं आभाळ डोक्यावर रितं होऊनही कोकणात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. पण थोडं पाणी जांभ्याच्या भोकाभोकांतून, भेगांतून खाली उतरतं. खाली चिकण मातीचा थर लागला की पुढे वाट नाही. मग ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीत कुठेतरी बाहेर येतं. आमच्याकडे ते एका मोठ्या उंबराखाली बाहेर येतं. तिथे जुन्या लोकांनी चिऱ्यांची टाकी बांधलेली आहे आणि टाकीतून नळी निघते ती उतारावरून आपल्या वजनाने वाडीत येते. ना मोटर, ना वीजबिल.

मध्यंतरी पऱ्याच्या काठी विहीर झाली, पंप बसला, वाडीच्या माथ्यावर काँक्रीटची टाकी उभी राहिली, आणि झऱ्याची लाइन हळूहळू म्हाताऱ्यांच्या बोलण्यापुरती उरली. गुरांना, परसातल्या अळवाला, गणपतीत मुंबईकर आले की वरखर्चाला. तिची कुणी फारशी विचारपूस करत नव्हतं. वादळाने खांब आडवे केले आणि किती आठवडे लाइट नव्हती ते आता आठवायलाही नको वाटतं. पंप गप्प. त्यात टाळेबंदीमुळे मुंबईहून माणसं आलेली, शाळेत विलगीकरणात बसवलेली, वाडीची लोकसंख्या ऐन जूनमध्ये गणपतीसारखी. आणि करोनाचा पहिला सल्ला काय, तर हात धुवा. अशा वेळी सगळ्यांना उंबराखालची टाकी आठवली.

पण टाकीचं पाणी यायचं तर नळी धड हवी, आणि नळी रस्त्याच्या कडेने आलेली. रस्त्यावर तर आंबा, किंजळ, ऐन, जे जे म्हणून उभं होतं ते आडवं.

आता जे सांगतेय ते आमच्या वाडीत अजूनही सगळ्यांना पटत नाही. माझं म्हणणं, वादळाने रस्ता मोडला नाही. वादळाने त्याच्यावर झाडं टाकली. रस्ता मोडला तो झाडं काढताना आणि त्यानंतरच्या पावसात.

घाई होती, आणि ती खोटी नव्हती. पाणी पाहिजे होतं. जेसीबी मिळाला तो तासावर. त्याने काय करावं? झाड उचललं की सोबत मुळाचा गड्डा, गड्ड्यासोबत गाडीभर माती. ते ठेवणार कुठे? लोटलं पऱ्यात. डोंगराकडच्या अंगाला झाडं जिथून उपटली तिथे माणूस बसेल एवढे खड्डे राहिले. ते कुणी बुजवले नाहीत, कारण ते रस्त्यात नव्हते, रस्त्याच्या वर होते. ओंडके फरफटत नेले त्यांनी रस्त्याच्या मधोमध घळ पाडली. गटार तर आधीपासूनच पाल्याने भरलेलं, ते आता मातीने बुजलं. दोन दिवसांत रस्ता मोकळा झाला, नळी जोडली, पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

मग मृग लागला. वरच्या खड्ड्यांत पाणी साचलं. साचलेलं पाणी खाली झिरपत माती भिजवत राहिलं, आणि एका रात्री खड्ड्यासकट डोंगराचा लचका रस्त्यावर आला. रस्त्यावर आलेल्या पाण्याला गटार सापडेना, म्हणून ते मधल्या घळीला लागलं. उतारावर एकदा पाण्याला घळ सापडली की पुढचं सांगायला इंजिनीअर लागत नाही. वेग वाढतो. वेगाचा एक जुना हिशेब आहे: पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते जो दगड ढकलू शकतं त्याचं वजन दुप्पट नाही, चौसष्टपट होतं. सकाळी जिथे खडे वाहत होते तिथे संध्याकाळी धोंडे गडगडायला लागले त्यामागे कुठलं भूत नव्हतं, एवढंच गणित होतं. श्रावण येईपर्यंत रस्त्याला मधोमध गुडघाभर खोल चर पडला होता आणि खालच्या वळणावर अर्धा रस्ता नळीसकट दरीत बसला होता.

आणि रस्त्याची ती सगळी माती गेली कुठे? पऱ्यात. पऱ्याच्या काठी विहीर. म्हणजे पुढे लाइट आली, पंप सुरू झाला, तेव्हा त्या पंपाने आम्हाला आमचाच रस्ता पाजला.

त्या पावसाळ्यात मी स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. सरबताच्या, व्हिनेगरच्या, एक औषधाची. रोज सकाळी नळाचं पाणी भरायचं, झाकण लावायचं, वर चिकटपट्टीवर तारीख. पहिल्या तासात तळाशी जाड रेती बसायची, तीत अभ्रकासारखं काहीतरी चमकायचं. दुपारपर्यंत वर तांबूस गाळाचा बोटभर थर. पण त्याच्यावर उरायचं ते पाणी दुसऱ्या दिवशीही स्वच्छ होत नसे. फिकट नारिंगी, उजेडात धरलं तर बाटलीपलीकडची मांजर दिसायची पण तिचे डोळे दिसायचे नाहीत. ती बारीक चिकण माती, ती बसतच नाही. तुरटी फिरवली की मात्र तिचे पुंजके होतात आणि मग खाली येतात. आमच्या सासूबाई माठात तुरटी फिरवायच्या तेव्हा आम्हा सुनांना ते जुनं खूळ वाटे. शहरातल्या जलशुद्धीकरण केंद्रातही गाळ बसवायला तुरटी किंवा तिच्याच जातीचं काहीतरी टाकतात.

गढूळपणा हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर वस्त्रगाळ करून भागलं असतं. आमचा जलसुरक्षक, म्हणजे पाण्यातले जंतू मारायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायचं काम ज्याच्याकडे असतं तो पोरगा, नेमाने पावडर टाकत होता. हजार लिटरला पाच ग्रॅम, आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी टाकीत. नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली की पिवळा रंग यायला हवा, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. येत नव्हता. त्याला वाटलं पावडर जुनी, हवा लागलेली. नवीन डबा आणला तरी तेच. कारण गढूळ पाण्यात क्लोरीन मातीसोबत आलेल्या पाल्यापाचोळ्यातच खर्ची पडतो, आणि जंतू मातीच्या कणांच्या आड बसून राहतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजायचं माप) असावी असं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्या म्हणतात. आमच्या खिडकीतलं पाणी कुणी मोजलं नाही, पण ज्या पाण्यातून मांजरीचे डोळे दिसत नाहीत त्याला यंत्र कशाला लावायचं. जुलाब सुरू झाले, आधी पोरांना, मग शाळेतल्या मुंबईकरांना. लोकांनी मुंबईकरांनाच बोल लावला. ते दिवसच तसे होते, कुणालाही कुणाचा संशय येई.

दिवाळीनंतर ग्रामसभा झाली, शाळेच्या पटांगणात, अंतर ठेवून. मी पाणीपुरवठा समितीवर आहे. समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे, म्हणून मला घेतलं होतं. चहाच्या वेळी सह्या करायच्या एवढंच काम, असं घेणाऱ्यांना वाटलं असावं. विषय होता झऱ्याचा रस्ता. मागणी एकच: काँक्रीट करा. खालपासून उंबरापर्यंत, दहा फुटी, म्हणजे पुन्हा कधी अडचण नको, टेम्पो थेट टाकीशी. पोरांचा उत्साह मोठा. तिथला पावसाळी धबधबा दाखवून चार पर्यटक आणता येतील हेही कुणीतरी बोललं.

मग कागद बघायला घेतले. ग्रामपंचायतीच्या तेवीस नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, हा रस्ताच नव्हता. नोंद नाही म्हणजे दुरुस्तीचा निधी नाही. वादळाच्या नुकसानीतून मागावा तर जो रस्ता नव्हताच त्याचं नुकसान कसं झालं? नोंद करावी तर ज्यांच्या ज्यांच्या जमिनीतून जातो त्या सगळ्यांची संमती हवी. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचं सांगायला नको. एकेका गटाला तीस-तीस, चाळीस-चाळीस नावं, त्यातले निम्मे वर गेलेले, राहिलेले नालासोपाऱ्यापासून बदलापूरपर्यंत पसरलेले, आणि दोघे भाऊ असे की एकाने सही केली म्हणूनच दुसरा करणार नाही. एका कचेरीतून आम्हाला दुसऱ्या कचेरीत पाठवलं, दुसरीतून पहिलीत. रस्तेवाले म्हणत हा पाण्याचा विषय, पाणीवाले म्हणत हा रस्त्याचा. मला त्यांचा राग आला नाही असं नाही. पण खरं तर त्यांचं भांडण आणि आमच्या वाडीची समजूत सारखीच होती. रस्ता वेगळा, पाणी वेगळं. बाटल्यांमधल्या गाळाला हे ठाऊक नव्हतं.

वाट काढली ती ग्रामसेवकांनी. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला येतो त्यात त्या वर्षी निम्मा बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. त्यातून रस्ता करता येत नाही. पण पाण्याच्या उद्भवाचं, म्हणजे पाणी जिथून येतं त्या जागेचं, संरक्षण करता येतं. तेव्हा अंदाजपत्रकात रस्ता हा शब्दच आला नाही. गटार, मोऱ्या, गडगा (म्हणजे बिनसिमेंटची रचलेली दगडी भिंत), गाळ अडवायचे खड्डे, नळीची दुरुस्ती. ही सगळी पाण्याचीच कामं, आणि मजा म्हणजे कागद पास व्हावा म्हणून जे लिहिलं तेच खरं तर करायला हवं होतं. काँक्रीट आपोआप गळून पडलं. पोरं नाराज झाली. जेसीबीचे तास आणि नळ्या मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आमच्या वाडीकरांनी, दिल्या, अंगमेहनत रविवारी वाडीने.

काम सुरू करायच्या आधी आमचे आबा, आडनाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही, सगळ्यांना घेऊन रस्ता चालले. आबा गडगे घालणारे. पंचाहत्तरीच्या पुढचे, एका कानाने कमी ऐकू येतं, तेही सोयीने. दोन-दोन पावलांवर थांबायचे आणि काठीने दाखवायचे, हितून आला, हितं थांबला, हितनं फुटला. सुक्या रस्त्यावर त्यांना पावसाळ्याचं पाणी दिसत होतं. एका पोराने विचारलं, आबा, रस्ता कुठून धरायचा, खालनं की वरनं? आबा म्हणाले, "रस्ता मागाहून. आधी पान्याला वाट द्या. तुम्ही नाय दिलीत तर ते तुमचा रस्ता घेल."

म्हणून पहिलं काम रस्त्यावर झालंच नाही. वर डोंगरात, झाडं उपटलेल्या खड्ड्यांशी झालं. काही दगड-मातीने भरून वर उंचवटा केला, म्हणजे पाणी साचू नये. काही भरण्याजोगे नव्हते, त्यांना बाजूने चर काढून पाणी आडवं नेलं. जेसीबीचा इथे उपयोग नव्हता, घमेली आणि फावडी. हे काम कुणाला दिसत नाही, त्याचा फोटो येत नाही, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सर्वांत शहाणा खर्च तोच.

मग डोंगराकडचं गटार उकरलं. मग मोऱ्या. आधी एकच मोरी होती, सिमेंटची अरुंद नळी, वरून येणारं सगळं पाणी तिच्याच तोंडी. वादळाआधीच ती पाल्याने अर्धी बुजली होती, हात घालायला जागा नाही मग साफ कोण करणार? आता चार मोठ्या टाकल्या, आत माणूस ओणवा होऊन गाळ ओढू शकेल एवढ्या. तोंडाशी दगडी भिंत, आणि पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दगडांची फरसबंदी, नाहीतर बाहेर पडणारं पाणी मोरीच्याच बुडाखालची माती खातं. मोरी वाहून जाते ती पुष्कळदा वरून नाही, अशी खालून जाते.

रस्त्यावर दर थोड्या अंतराने आडवे चर ठेवले, दगड बसवून, काटकोनात नाहीत, तिरके, म्हणजे पाणी अडत नाही, वळतं. जिथे चढ खडा तिथे जवळ-जवळ, जिथे सपाट तिथे लांब. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वळवलेलं पाणी पऱ्यात सोडायचं नाही. ते झाडीत सोडायचं, पाल्यावर. पाला पाण्याचा वेग मारतो, गाळ तिथेच बसतो, पाणी झिरपत झिरपत आपल्या सवडीने पऱ्याला लागतं. जिथे झाडीत सोडायला जागा नव्हती तिथे गाळ बसायला खड्डे केले. बाइकवाल्या पोरांनी पहिल्या दिवसापासून आडव्या चरांना शिव्या घातल्या. घालतातच आहेत. दोनदा कुणीतरी रात्रीत एक चर मातीने भरूनही टाकला.

गडग्याचं काम मी उभी राहून पाहिलं. खालच्या वळणाला रस्ता जिथे बसला होता तिथे संरक्षक भिंत लागणार होती. काँक्रीटची भिंत घालायची तर मागचं पाणी सोडायला तिच्यात नळ्या ठेवाव्या लागतात. त्या विसरल्या किंवा बुजल्या की मागची भिजलेली माती फुगून भिंतीला ढकलते. तालुक्याच्या रस्त्यावर अशा पोट काढलेल्या भिंती वाटेल तेवढ्या दाखवीन. आबा म्हणाले, गडगा घालतो. जांभ्याचे मोठे दगड, चुना नाही, सिमेंट नाही. दगड उचलायचा, हातात फिरवायचा, त्याची एक बाजू अंगठ्याने चाचपायची. पटली नाही तर खाली टाकून दुसरा. पटला की ठेवायचा, किंचित मागे, डोंगराकडे कलता. मग हाताच्या तळव्याने दाबून डुगडुगतो का बघायचं. डुगडुगला तर मागून चपटी कपची सारायची, पुढून कधीच नाही, पुढून सारलेली निखळते. दोन दगडांचा सांधा आला की त्याच्यावर पुढचा दगड असा की सांधा झाकला जाईल. मागे बारीक डबर. माती अजिबात नाही, एक पोरगा घमेलंभर माती टाकायला आला तर त्याच्या अंगावर ओरडले. "मातीन् पानी तुंबतं." गडगा पाणी अडवत नाही, सगळ्या अंगाने झिरपू देतो, आणि म्हणून टिकतो. पुरुषभर उंचीचा गडगा चढायला किती वेळ लागला! पोरं मोबाइल बघून कंटाळली. त्यांना वाटत होतं आबा दगड निवडण्यात वेळ काढतात. वेळ त्याच्यातच होता.

त्याच्या पायथ्याशी वाळा लावला. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरतात, जनावर सहसा तोंड लावत नाही. उन्हाळ्यात माठात टाकायला जुडी मिळते हा आमचा बायकांचा वेगळा फायदा.

वाद पेटला तो शेवटच्या टप्प्यावर. रस्ता जिथे मोठ्या फणसापाशी येतो तिथून उंबराची टाकी दोनेकशे मीटर. तिथून पुढे चढ खडा, आणि बाजूची सगळी झिरपण थेट टाकीच्या अंगावर येते. मी म्हटलं, गाडीरस्ता फणसाशी थांबवा, पुढे चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी करा. का म्हणून? तर वादळाआधी टाकीशी काय चालायचं ते सगळ्यांनी पाहिलेलं. रिक्षा धुणं, बाइक धुणं, ऑइलचे डाग, होळीनंतरच्या बाटल्या. गाडी जिथवर जाते तिथवर माणूस साबण घेऊन जातो. शिवाय चाकं गेली की चाकोरी पडते, चाकोरी पडली की पुन्हा घळ, आणि इथली घळ टाकीतच उतरणार. माझ्या बाजूने आधी आबा बोलले, मग एक-एक करून बायका. पुरुष म्हणाले, मोटर दुरुस्तीचं सामान डोक्यावरून नेणार का? त्यावर आमच्या शेजारणीने विचारलं, "झऱ्याला मोटर कधीपासनं बसवलीत?" सभा हसली आणि तिथे ठराव झाला. चांगला मुद्दा आणि चांगला टोमणा यांत गावसभेत टोमणाच जिंकतो, एरवी मला हे खटकतं.

पाखाडी झाली. फणसाशी दोन चिऱ्यांचे खांब आणि मध्ये साखळी. टाकीला वरून झाकण, आत रेती-खडीची गाळणी, टाकीच्या वरच्या अंगाला अर्धगोल चर, म्हणजे डोंगरावरचं पाणी टाकीला वळसा घालून जाईल. विहिरीचा पंप आहेच, पण झऱ्याची लाइन आता वरखर्चाची राहिलेली नाही. दोन्ही नळ्या वाडीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या टाकीत आणल्यात, लाइट गेली तर खालची वाडी झऱ्यावर चालते.

परीक्षा लवकर झाली. जुलै २०२१ मध्ये जो पाऊस पडला तो कोकणात कुणी विसरणार नाही. २२ तारखेच्या त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर झाला, चिपळूण बुडालं, तळियेवर दरड आली. त्यापुढे आमचा दीड किलोमीटर म्हणजे काहीच नाही, आणि त्याची फुशारकी मारायची वेळही ती नव्हती. एवढंच लिहिते की तिसऱ्या मोरीच्या तोंडाशी ओंडका अडकला, पाणी रस्त्यावरून गेलं, एक आडवा चर उखडला. गडगा जागेवर होता. त्याच्या प्रत्येक फटीतून पाणी गळत होतं, आबा छत्री धरून समोर उभे, आणि कुणी काय विचारलं तर ऐकू येत नसल्याचं दाखवत होते. नळाला पाणी दोन दिवस गढूळ आलं. ओटी टेस्टचा पिवळा रंग तिसऱ्या दिवशी दिसला.

यानंतरचं सगळं काम कंटाळवाणं आहे, आणि गावाला खरा त्रास कंटाळवाण्या कामाचाच होतो. वादळाला माणसं धावतात. मेच्या शेवटी मोऱ्यांतला पाला काढायला किती येतात? पहिल्या वर्षी अख्खी वाडी आली, जेवणावळ झाली. दुसऱ्या वर्षी निम्मी. नंतर बायका आणि तीन म्हातारे. आता ग्रामपंचायतीने मजुरी ठरवली आहे, मृगाच्या आत मोऱ्या आणि गाळाचे खड्डे उपसायचे, आणि पावसाळ्यात मोठी सर येऊन गेली की जलसुरक्षकाने एक फेरी मारायची. त्याला त्याचे वेगळे पैसे. श्रमदानावर माझा फार विश्वास उरलेला नाही. सुरुवात करायला ते छान, पण मोरी दरवर्षी बुजते आणि उत्साह दरवर्षी येत नाही.

यंदा गणपतीत मुंबई मंडळाची बैठक झाली. मंडळाने नळ्या दिल्या होत्या, तेव्हा त्यांचा शब्द राखावा लागतो. त्यांचा प्रस्ताव आहे की साखळी काढा, पाखाडीच्या जागी पेव्हर ब्लॉक टाका, उंबराशी बाकडी ठेवा, धबधब्याचा बोर्ड हमरस्त्यावर लावा. रस्त्याची तेवीस नंबरला नोंद करायची खटपटही ते करणार, संमतीपत्रं तिकडेच गोळा करणार म्हणतात. ती त्यांनी खरंच केली तर मी त्यांचे पाय धरीन. नोंद हवीच आहे, नाहीतर पुढच्या वादळाला पुन्हा कागदावर रस्ता नसेल.

मी त्यांना लेखी उत्तर दिलंय. नोंद फणसापर्यंत करा, ग्रामीण रस्ता म्हणून. फणसापासून पुढे पाखाडी म्हणून वेगळी. बोर्ड लावायचाच तर फणसाखाली लावा, बाकडीही तिथेच, सावली चांगली आहे. पेव्हर ब्लॉकला वर्षाला साफसफाईचा खर्च किती आणि तो कोण देणार, हा एक प्रश्न मी खाली वेगळ्या ओळीत लिहिला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. साखळीची किल्ली सध्या आमच्या ओट्यावरच्या खुंटीला आहे. गॅसवाला, वायरमन, कुणालाही पाहिजे असेल तर देते, फक्त वहीत नाव लिहून घेते, कारण चर भरणारा अजून सापडलेला नाही.